अनेक छोट्या वेबसाइट्ससाठी स्वस्त एसएसएल सर्टिफिकेट: कोणते घ्यावे?

एसएसएल सर्टिफिकेट हे वेबसाइटचे डिजिटल ओळखपत्र असते. उघडलेली वेबसाइट खरोखर त्याच डोमेनची आहे याची खात्री ब्राउझरला त्यावरून पटते आणि दोघांमधली माहिती एन्क्रिप्ट होऊन जाते. एसएसएल हे मूळ तंत्र आता बाद झाले असून त्याची जागा टीएलएसने घेतली आहे, पण बोलण्यात जुनेच नाव रुळले आहे.

जुलै २०१८ मध्ये आलेल्या क्रोम ६८ पासून, सर्टिफिकेट नसलेल्या प्रत्येक वेबसाइटपुढे 'नॉट सिक्युअर' असा शेरा दिसू लागला. त्यामुळे पैशांचा व्यवहार न करणाऱ्या साध्या वेबसाइटलाही सर्टिफिकेट गरजेचे झाले. दुकान, क्लास, ब्लॉग अशा पाच-सहा वेबसाइट एकाच मालकाच्या असतील, तर प्रत्येकीसाठी दरवर्षी पैसे भरावे लागतात का? बहुतेक वेळा नाही.

मोफत आणि विकतचे: फरक कशात?

सर्टिफिकेटचे तीन प्रकार आहेत. डीव्हीमध्ये डोमेन अर्जदाराच्या ताब्यात आहे एवढेच तपासले जाते. ओव्हीमध्ये संस्थेची कागदपत्रेही पाहिली जातात आणि ईव्हीमध्ये ही तपासणी आणखी कडक असते. किंमत वाढते ती या तपासणीमुळे. माहिती एन्क्रिप्ट करण्याची ताकद तिन्हींत सारखीच असते. पूर्वी ईव्ही घेतल्यास पत्त्याच्या पट्टीत कंपनीचे नाव दिसे. २०१९ मध्ये क्रोम ७७ ने ते तिथून हटवले. छोट्या वेबसाइटला डीव्ही पुरेसे असते.

मोफत पर्याय

लेट्स एन्क्रिप्ट: इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप ही अमेरिकेतील ना-नफा संस्था ही सेवा चालवते. डिसेंबर २०१५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. येथे फक्त डीव्ही सर्टिफिकेट मिळते.

होस्टिंगसोबत मिळणारे: अनेक होस्टिंग कंपन्या सीपॅनलमधील 'ऑटोएसएसएल'सारख्या सोयीने सर्टिफिकेट आपोआप बसवतात आणि त्याचे नूतनीकरणही करतात. तांत्रिक माहिती नसलेल्या मालकासाठी हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

क्लाउडफ्लेअर: २०१४ पासून मोफत योजनेतही एसएसएल मिळते. मात्र 'फ्लेक्सिबल' सेटिंग ठेवल्यास क्लाउडफ्लेअर ते मूळ सर्व्हर हा टप्पा उघडाच राहतो. मूळ सर्व्हरवरही सर्टिफिकेट बसवून 'फुल स्ट्रिक्ट' सेटिंग निवडावे.

प्रत्येकीला वेगळे की सर्वांना मिळून एक?

वेगवेगळे: प्रत्येक डोमेनचे सर्टिफिकेट स्वतंत्र. एकाला अडचण आली तरी बाकीच्या वेबसाइट चालू राहतात. पूर्वी यासाठी प्रत्येक वेबसाइटला वेगळा आयपी पत्ता घ्यावा लागे. एसएनआय या सोयीमुळे आता एकाच पत्त्यावर अनेक सर्टिफिकेट चालतात.

मल्टी-डोमेन: एका सर्टिफिकेटमध्ये अनेक डोमेन. लेट्स एन्क्रिप्टमध्ये नेहमीच्या सर्टिफिकेटवर १०० पर्यंत नावे घालता येतात. पण यादीतले एक डोमेन सोडून दिले किंवा दुसरीकडे हलवले, तर सगळ्यांचे नूतनीकरण अडकू शकते. शिवाय सर्व नावे सर्टिफिकेटवर कोणालाही वाचता येतात, त्यामुळे या वेबसाइट्सचा एकमेकींशी संबंध उघड होतो.

वाइल्डकार्ड: एकाच डोमेनच्या सर्व सबडोमेनसाठी. 'नमुना.कॉम'चे वाइल्डकार्ड 'दुकान.नमुना.कॉम'ला चालते, पण 'जुने.दुकान.नमुना.कॉम'ला चालत नाही, कारण ते एकाच पायरीपुरते असते. वेगवेगळी डोमेन असतील तर त्याचा उपयोग नाही. लेट्स एन्क्रिप्ट मार्च २०१८ पासून वाइल्डकार्डही मोफत देते, मात्र त्यासाठी डीएनएसमध्ये नोंद करून डोमेनची मालकी सिद्ध करावी लागते.

डोमेन वेगवेगळी असतील, तर प्रत्येकीला स्वतंत्र मोफत सर्टिफिकेट हाच बहुतेकांसाठी योग्य पर्याय ठरतो.

खरी जोखीम नूतनीकरणाची

मुदत संपली की ब्राउझर वेबसाइटऐवजी पानभर इशारा दाखवतो आणि बहुतेक पाहुणे तिथूनच परततात. लेट्स एन्क्रिप्टने सुरुवातीपासून ९० दिवसांची मुदत ठेवली. विकतच्या सर्टिफिकेटची कमाल मुदत पूर्वी ३९८ दिवस होती. एप्रिल २०२५ मध्ये सीए/ब्राउझर फोरमने ठरवलेल्या वेळापत्रकानुसार १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस होते.

म्हणजे सहा वेबसाइट असतील, तर ४७ दिवसांच्या मुदतीने वर्षाला जवळपास ५० नूतनीकरणे होतात. ही कामे हाताने करणे अशक्यच. स्वतःचा सर्व्हर असेल तर सर्टबॉटसारखे मोफत सॉफ्टवेअर हे काम आपोआप करते. तरीही लक्ष ठेवावे लागते. मुदत संपत आल्याची आठवण देणारे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केले आहेत, म्हणून सर्व डोमेनवर नजर ठेवणारी वेगळी सेवा लावून घ्यावी.

पैसे कधी मोजावेत?

संस्थेच्या नावाची पडताळणी एखाद्या करारात किंवा नियमात मागितली असेल, किंवा अडचणीच्या वेळी फोनवर मदत हवी असेल, तर विकतचे सर्टिफिकेट घेणे योग्य. होस्टिंग कंपनी मोफत सर्टिफिकेट बसवू देत नसेल, तर दरवर्षी प्रत्येक वेबसाइटमागे पैसे भरण्यापेक्षा होस्टिंग बदलणे अनेकदा स्वस्त पडते.

होस्टिंग घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

• सर्व डोमेनना मोफत एसएसएल मिळते की फक्त पहिल्या डोमेनला?
• नूतनीकरण आपोआप होते का?
• 'मोफत' सर्टिफिकेटला दुसऱ्या वर्षापासून शुल्क लागते का?
• बाहेरून आणलेले सर्टिफिकेट बसवता येते का?
• '.भारत'सारखे देवनागरी डोमेन चालते का? लेट्स एन्क्रिप्ट २०१६ पासून अशा डोमेनना सर्टिफिकेट देते.