टोपली आणि हरकत

ईद जवळ आली की शहरातल्या सुक्या मेव्याच्या दुकानांत खजूर, बदाम, शेवया भरलेल्या टोपल्या वर चकचकीत कागद लावून मांडलेल्या दिसतात. दुकानदार त्यांना ‘गिफ्ट हॅम्पर’ म्हणतो. आपणही तेच म्हणतो. इंग्रजी शब्दकोश उघडला की मात्र माणूस बुचकळ्यात पडतो. हॅम्पर म्हणजे झाकणाची मोठी टोपली, आणि हॅम्पर म्हणजे अडथळा आणणे, हातपाय अडकवणे. उच्चार एक, लेखन एक. जड टोपली हातात असली की चालता येत नाही, त्यातूनच दुसरा अर्थ निघाला असेल, असे आम्हीही बरीच वर्षे धरून चाललो होतो. इतिहास वेगळेच सांगतो.

जुन्या फ्रेंचमध्ये उभ्या दांड्याच्या, पाय असलेल्या पेल्याला ‘हनाप’ म्हणत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये फ्रान्सच्या राजघराण्यातला एक सोन्याचा पेला आहे. राजा सहावा शार्ल याच्या १३९१ सालच्या यादीत त्याची नोंद ‘हनाप’ अशीच आहे. असे मौल्यवान पेले ठेवण्याची पेटी किंवा करंडी म्हणजे ‘हनापिए’. गंमत अशी की हनाप हा शब्द मुळात फ्रेंचांचाही नव्हे. तो फ्रँक नावाच्या जर्मन टोळ्यांच्या बोलीतून तिथे आला होता.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच आली. तिच्याबरोबर ही करंडीही आली, पण पेल्यांऐवजी तिच्यात कागद पडू लागले. राजाच्या चॅन्सरी या कचेरीत हुकूमनामे, सनदा आणि रिट तयार होत. ते वेताच्या करंडीत ठेवले जात. त्यावरून त्या खात्याचेच नाव ‘हॅनपर’ पडले, आणि मोठ्या राजमुद्रेची मोहोर उठवण्याचे शुल्क याच खात्यात जमा होऊ लागले. हॅनपरचा कारकून हे पद इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकले. आयर्लंडमध्ये ते विसाव्या शतकातही होते.

बोलताना ‘हॅनपर’मधला मधला स्वर गळाला आणि प-च्या शेजारी आलेला न हा म झाला. झाले हॅम्पर. आपल्या वाचकांना हे नवे नाही. कुरआन शरीफ पढताना नून साकिनच्या पुढे बे आली तर नूनचा मीम करायचा, हा इकलाबचा नियम आपण लहानपणीच शिकतो. ‘गुंबद’ उर्दूत नून घालून लिहितात आणि ओठांवर मात्र म येतो. मराठीतल्या ‘संप’मधला अनुस्वारही तेच करतो.

आता दुसरा हॅम्पर, अडवणारा. तो चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत दिसू लागतो. त्याचे मूळ अभ्यासकांना पक्के सापडलेले नाही, पण पेल्याच्या पेटीशी त्याचे नाते कोणी सिद्ध केलेले नाही. दोघे एकाच नावाचे, वेगवेगळ्या घरांतले.

तरीही इतिहासाने त्यांची गाठ घातलीच. १२१५ च्या मॅग्ना कार्टात राजाने वचन दिले होते की न्याय विकणार नाही, नाकारणार नाही, लांबवणार नाही. पण राजाच्या न्यायालयात दावा लावायचा तर सहसा आधी चॅन्सरीतून रिट घ्यावे लागे, आणि त्याचे पैसे त्या टोपलीत पडत. ज्याला ते जड जाई त्याच्यासाठी टोपली हाच अडथळा होता. व्युत्पत्तीत जे नव्हते ते व्यवहारात आले. आपल्या भाषेलाही हे ठाऊक आहे. कागद बांधायच्या फडक्याला आपण बासन म्हणतो, आणि प्रकरण दाबून टाकले की ‘बासनात गुंडाळले’ म्हणतो.

याच्या नेमकी उलट गोष्ट ‘हरकत’ या शब्दाची. अरबीत हरकत म्हणजे हालचाल. मदरशात जेर, जबर, पेश यांना आपण हरकतच म्हणतो. त्या अक्षराला चालवतात. उर्दूत ती हालचाल म्हणजे कृत्य झाले, बहुधा वाईट कृत्य. मराठीत आल्यावर हरकत म्हणजे आक्षेप, अडथळा. चालवणारा शब्द अडवणारा झाला, आणि आज दाखला मागायला गेलो तर ‘ना हरकत’ आणा म्हणतात. हॅम्परमध्ये दोन शब्द एका चेहऱ्याचे आहेत. हरकतीत एकच शब्द दोन चेहऱ्यांचा आहे. चेहऱ्यावरून नाते ठरवणारा दोन्हीकडे फसतो.

१३६२ मध्ये इंग्लंडात कायदा झाला की खटले इंग्रजीत चालवावेत, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. भाषा बदलली, पण कोर्ट, जज, जस्टिस हे फ्रेंच शब्द तिथेच राहिले आणि इंग्रजी झाले. आपल्याकडे शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचला गेला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरी दफ्तर, फिर्याद, वकील, अर्ज मराठीतून गेले नाहीत. त्यातले दफ्तर तर मूळ ग्रीक, कातड्यावरून आलेले.

हे सांगायचे कारण एवढेच की आम्ही घरात, शेतात, कचेरीत मराठी बोलतो, तरी अधूनमधून कोणी कौतुकाने म्हणते, ‘तुमचं मराठी छान आहे हो!’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते. नाव ऐकून त्याने भाषा ठरवलेली असते, जशी आम्ही टोपली पाहून अडथळ्याची व्युत्पत्ती ठरवली होती. आमची चूक शब्दकोशाने सुधारली. माणसांच्या बाबतीत तो कोश आपल्यालाच लिहावा लागेल, आणि मराठीतच लिहावा लागेल. त्याला कोणाची हरकत नसावी.