मापचमचे, नेहमीच्या संचाबाहेरचे

स्वयंपाकात थोडक्या प्रमाणात लागणारे जिन्नस मोजण्यासाठी असलेल्या ठरीव घनफळाच्या चमच्यांना मापचमचे म्हणतात. कडीत ओवलेला जो संच बाजारात मिळतो, त्यात बहुधा चार चमचे असतात : टेबलस्पून (१५ मिली), टीस्पून (५ मिली), अर्धा टीस्पून (२.५ मिली) आणि पाव टीस्पून (१.२५ मिली). यांच्या खालची, मधली किंवा वरची मापे, म्हणजे टीस्पूनचा आठवा व सोळावा हिस्सा, पाऊण टीस्पून, अर्धा टेबलस्पून (७.५ मिली), दोन टीस्पून (१० मिली), दोन टेबलस्पून (३० मिली), ही ‘वेगळी’ मापे समजली जातात आणि ती मुद्दाम शोधून घ्यावी लागतात. त्यांतली निम्मी घरात आली नाहीत तरी काही अडत नाही. एकदोन मात्र अशी आहेत की ती संचात का नसतात हाच प्रश्न पडावा.

आठवा आणि सोळावा हिस्सा मराठी घराला खरे तर नवा नाही. दशमान पद्धत येण्यापूर्वी धान्य ज्या मापांनी मोजले जाई ती सगळी निम्म्या-निम्म्याने उतरणारी होती : दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, आणि चार शेरांची पायली. म्हणजे कोळवे हा शेराचा आठवा भाग आणि निळवे सोळावा. वजनातही पावशेराच्या खाली अदपाव आणि छटाक होतेच, आणि रुपयाचे सोळा आणे १९५७ पर्यंत चालत होते. तेव्हा टीस्पूनच्या आठव्या हिश्शाला ‘चमच्याचा अदपाव’ किंवा ‘दोन आणे चमचा’ म्हटले तर जुन्या पिढीला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. अडचण एवढीच की ही उतरंड धान्यापाशी थांबली, मिसळणाच्या डब्यापर्यंत पोचली नाही. तिथे बोटांचा कारभार राहिला. कोरड्यासाठी चिमूट, मूठ आणि पसा, पातळासाठी पळी. हिंग मुगाएवढा, गूळ सुपारीएवढा, चिंच लिंबाएवढी. मिठाला तर ‘चवीपुरते’ या शब्दाने सगळ्या मोजमापातून सूट मिळाली. अगदी बारीक मात्रेसाठी घराने एकच खरे चोख माप काढले होते, तेही स्वयंपाकासाठी नव्हे : बाळगुटीतली हळकुंड, मायफळ, जायफळ ही सहाणेवर किती वेढे उगाळायची याचे. घनफळ नाही, वजन नाही, नुसती वेढ्यांची मोजणी. साधन म्हणून ही युक्ती फार हुशारीची आहे.

इंग्रजी पाकपुस्तकांतही बोटांची भाषा होतीच. ‘डॅश’, ‘पिंच’, ‘स्मिजन’ हे शब्द आपल्या ‘किंचित’, ‘चिमूट’, ‘कणभर’ यांचे भाऊबंद. अलीकडे हे शब्द दांड्यावर कोरलेले चिमुकले चमचे विकायला येतात. त्यांत बहुधा डॅश म्हणजे टीस्पूनचा आठवा भाग (सुमारे ०.६ मिली), पिंच म्हणजे सोळावा (०.३ मिली) आणि स्मिजन म्हणजे बत्तिसावा (०.१५ मिली) धरतात. हा विक्रेत्यांनी पाडलेला संकेत आहे, कायद्याने ठरलेले माप नव्हे, आणि जुन्या पुस्तकातल्या लेखिकेच्या मनातली चिमूट एवढीच होती असे मानण्याचे कारण नाही. दोन बोटांची चिमूट आणि तीन बोटांची चिमूट यांतच केवढा फरक पडतो.

चमच्याने काटेकोर मोजण्याचा आग्रह घरोघरी पोचवण्यात अमेरिकेतील फॅनी फार्मर (१८५७–१९१५) यांचा वाटा मोठा. बॉस्टनच्या पाकशाळेच्या नावाने १८९६ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात चमचा सपाट भरण्यावर जोर आहे. शीग चालत नाही, सुरीने वरचे काढून टाकायचे. पाव किंवा आठव्या हिश्शाचा वेगळा चमचा हाती नसला तरी त्यांचे अडत नव्हते. भरलेला चमचा सुरीने उभा दुभागला की अर्धा, तो अर्धा आडवा कापला की पाव, पाव पुन्हा आडवा कापला की आठवा हिस्सा. त्याहूनही कमी लागले तर त्याला ‘थोडे कण’ म्हणून सोडून द्यायचे. आजही घरात छोटा चमचा नसेल तर हीच रीत उपयोगी पडते, फक्त चमच्याऐवजी ताटलीत सपाट ढीग करून त्याचे भाग पाडावेत. चमच्याची वाटी मध्यभागी खोल आणि टोकाला उथळ असते. त्यामुळे आडव्या कापाने समान भाग पडत नाहीत.

जपानमध्ये पोषणशास्त्रज्ञ कागावा आया यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर २०० मिलीचा पेला, १५ मिलीचा मोठा आणि ५ मिलीचा छोटा चमचा ही मापे रुजवली. त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या मापांत १ मिलीचाही एक चमचा आहे, आणि तो मुख्यतः मिठासाठी. बारीक मीठ ५ मिलीला सुमारे ६ ग्रॅम भरते, म्हणजे या चमच्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. ज्या घरात रक्तदाबामुळे एकाच्या ताटातले मीठ वेगळे मोजावे लागते, तिथे या चमच्याइतके सुटसुटीत साधन दुसरे नाही. महाराष्ट्रात वाटी-चमच्याच्या प्रमाणाला प्रतिष्ठा दिली ती कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०). ‘अंदाजाने’ हा शब्द ऐकून रडकुंडीला येणाऱ्या नवशिक्यांना त्या पुस्तकाने हाताशी धरले. पण घरातला चहाचा चमचा आणि मापाचा टीस्पून या दोन निराळ्या वस्तू आहेत. चहाचा चमचा हा खाण्याढवळण्याचा, आणि त्याचे घनफळ कारखान्यागणिक बदलते.

एकाच नावाखाली दोन मापे नांदतात हा आणखी एक घोळ. अमेरिकी टेबलस्पून मुळात १४.८ मिलीचा, पण तिथल्या पोषणतक्त्यांसाठी तो सरळ १५ धरतात. ब्रिटनमध्येही आता १५ चालतो. ऑस्ट्रेलियन प्रमाणात मात्र टेबलस्पून २० मिलीचा, म्हणजे तीन नव्हे, चार टीस्पूनचा. मेलबर्नच्या लेकीने न्यू जर्सीच्या मावशीकडून फोनवर गोड्या मसाल्याचे प्रमाण टेबलस्पूनमध्ये लिहून घेतले तर प्रत्येक जिनसात एक-तृतीयांश भर पडेल. सगळेच जिन्नस त्याच चमच्याने मोजले तर मसाल्याचे गुणोत्तर बिघडत नाही. घोटाळा होतो तो चमचा आणि कप किंवा चमचा आणि ग्रॅम एकाच कृतीत आले की. म्हणून दांड्यावर मिलीलिटरचा आकडा कोरलेला संचच घ्यावा.

वेगळ्या मापांची खरी गरज दोन ठिकाणी भासते. पहिली म्हणजे कृती निम्मी करताना. चौघांच्या कृतीतला पाव टीस्पून सोडा दोघांसाठी केला की आठवा हिस्सा होतो. पाऊण टीस्पून निम्मा केला की पाव अधिक आठवा. एक टेबलस्पून निम्मा केला की दीड टीस्पून, म्हणजे अर्धा टेबलस्पून. घरे लहान झाली आणि पुस्तके मात्र चारसहा माणसांचीच राहिली, त्यामुळे हा हिशेब रोजचा झाला आहे. दुसरी गरज जोरकस जिनसांची : खाण्याचा सोडा, लिंबूसत्व, यीस्ट, जायफळपूड, लवंगपूड. यांत कणभराने पदार्थ बदलतो. खमण ढोकळ्याचे पाहा. पिठात सोडा जास्त झाला किंवा नीट मिसळला गेला नाही, तर वाफवून झाकण काढताच पिवळ्या ढोकळ्यावर लालसर तांबडे ठिपके दिसतात. हळदीतला रंग अल्काशी गाठ पडली की लाल होतो, तेच हे. त्या ठिकाणचा घास साबणासारखा लागतो. चूक कुठे झाली ते ढोकळा स्वतःच दाखवतो. नानकटाईत आणि केकमध्ये तीच चूक न दिसता फक्त चवीला लागते.

अशा वेळी वजनकाटा का नको, असा प्रश्न येतो. घरगुती काटा बहुधा एक ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो. आठवा हिस्सा टीस्पून सोडा भरतो जेमतेम ०.६ ग्रॅम. काटा शून्य दाखवील किंवा एक, आणि दोन्ही सारखेच निरुपयोगी. शिवाय चिमूट चिमूट घालत गेले तर पुष्कळ काट्यांना ती भर कळतच नाही. ते तिला डुगडुग समजून शून्यावर बसून राहतात. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा सोनारकामाच्या धर्तीचा छोटा काटा घेतला तर गोष्ट वेगळी. तो घरात असेल तर सोळाव्या हिश्शाच्या खालचे चमचे घेऊच नयेत. पिठासारख्या मोठ्या जिनसा काट्यावर आणि पाच ग्रॅमच्या आतल्या चमच्याने, ही वाटणी बहुतेक घरांना पुरते.

चमचा जितका लहान, तितकी चूक मोठी. यामागे साधी भूमिती आहे. अर्धगोल वाटीचा ५ मिलीचा चमचा सुमारे २.७ सेंटिमीटर रुंद असतो. त्याच घाटाचा आठव्या हिश्शाचा चमचा आठपट अरुंद नसतो, निम्माच असतो, सुमारे १.३५ सेंटिमीटर. आता दोघांवरही एक मिलिमीटर जाडीचा थर जादा राहिला असे समजू. मोठ्यात तो अकरा टक्के भर घालतो, लहानात बावीस. दर निम्म्या रुंदीला चुकीचे प्रमाण दुप्पट. म्हणून टेबलस्पून थोडा शिगेने भरला तरी आमटीचे काही बिघडत नाही. उलट आठव्या हिश्शाचा चमचा सुरीच्या पाठीने सपाट केला नाही, तर तो घेतला काय आणि चिमूट घेतली काय, सारखेच. चौसष्टाव्या हिश्शाचे चमचेही विकत मिळतात. त्यात भरलेल्या पुडीपेक्षा कडेला चिकटलेली पूड लक्षणीय ठरते. ते खेळणे आहे.

तेव्हा क्रम असा लावता येतो. आधी आठवा हिस्सा, तो सर्वांत जास्त वापरात येतो. मग अर्धा टेबलस्पून. मिठाचे पथ्य असेल तर १ मिली. सोळावा हिस्सा ज्यांच्याकडे थोड्या प्रमाणात बेकिंग होते त्यांनीच घ्यावा. पाऊण टीस्पून आणि दोन टीस्पून या सोयी आहेत, गरजा नव्हेत. ३० मिलीचा चमचा कॉफीच्या डब्यात छान राहतो. बत्तिसाव्या हिश्शाची गरज पडलीच आणि जिन्नस पाण्यात विरघळणारा असेल, तर आठवा हिस्सा चार टीस्पून पाण्यात विरघळवून त्यातला एक टीस्पून घ्यावा.

घाटाचाही विचार करावा लागतो. गोल चमचा दिसायला नेटका, पण हिंगाच्या डबीत किंवा मसाल्याच्या अरुंद तोंडाच्या बाटलीत तो शिरत नाही. मग पूड चमच्यावर ओतली जाते आणि निम्मी ओट्यावर सांडते. लांबट, अरुंद वाटीचा चमचा आत जातो. दांडा वाटीच्या काठाशी सरळ रेषेत असावा, म्हणजे सुरी अडखळत नाही. स्टील प्लास्टिकपेक्षा बरे. हळदीने प्लास्टिक कायमचे पिवळे पडते आणि कोरड्या हवेत बारीक पूड त्याला चिकटून बसते. मात्र पातळ पत्र्याचा चमचा घेऊ नये, कारण पोचा आला की माप घटते. आकडे छापलेले नकोत, ठोकलेले हवेत. सरकत्या पट्टीचे ‘एकात सगळे’ चमचे कल्पनेत मोहक असले तरी पट्टीच्या फटीत पूड जाते आणि पातळ जिन्नस गळतो. कडीत ओवलेल्या संचातला एक चमचा ओला झाला की सगळे धुवावे लागतात. त्यामुळे घरी आल्यावर कडी काढून टाकण्याची पुष्कळांची सवय योग्यच आहे, फक्त आठव्या हिश्शाचा चमचा मग खरकट्याबरोबर कचऱ्यात जाणार नाही याकडे लक्ष ठेवावे.

नवा चमचा पारखून घेणे सोपे आहे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बिनसुईच्या ५ मिली सिरिंजमध्ये पाणी ओढून ते चमच्यात थेंबाथेंबाने सोडावे. डोळा काठाच्या पातळीवर आणावा. पाणी काठाच्या वर फुगलेले दिसत असेल तर थोडे जादा झाले आहे. लहान चमच्यांत हा फुगारा बराच असतो, म्हणून आठव्या हिश्शाचे दहा चमचे पाणी एका वाटीत घालून ते काट्यावर तोलावे. ते सहा ग्रॅमच्या किंचित वर यायला हवे, कारण एक मिली पाणी एक ग्रॅमच भरते. औषधाची मात्रा मात्र कितीही चोख निघालेल्या स्वयंपाकाच्या चमच्याने देऊ नये. त्यासाठी बाटलीबरोबरचे टोपण किंवा ती सिरिंजच वापरावी.

चमचा अचूक असला तरी जिन्नस सारखा असतोच असे नाही. जाडे मीठ त्याच चमच्यात बारीक मिठापेक्षा कमी वजनाचे बसते. खडा हिंग कुटून घेतला तर तो डबीतल्या हिंगापेक्षा कितीतरी उग्र असतो, कारण डबीतल्या हिंगात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. डबी बदलली की हिंगाचे माप पुन्हा नव्याने बसवावे लागते. केशराला चमचा लावूच नये. त्याच्या काड्या मोजाव्यात.