घडीव की ओतीव? ब्लेड आयर्नचा मान आणि सामान्य गोल्फर

बेन होगनच्या १ नंबरच्या आयर्नच्या फेसवर नाण्याएवढी एक जागा झिजलेली आहे. जून १९५०मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मेरियन क्लबवर यूएस ओपनच्या शेवटच्या होलला त्याने याच क्लबने चेंडू ग्रीनवर आणला, बरोबरी साधली आणि दुसऱ्या दिवशी प्लेऑफ जिंकला. सोळा महिन्यांपूर्वी बसच्या धडकेत त्याची हाडं मोडली होती. त्या फटक्याचा हाय पेस्किनने मागून काढलेला फोटो आजही गोल्फ क्लबांच्या भिंतींवर दिसतो. क्लब मात्र त्याच स्पर्धेच्या वेळी चोरीला गेला, कित्येक वर्षांनी सापडला आणि अमेरिकेच्या गोल्फ असोसिएशनच्या संग्रहालयात पोचला. चेंडू पुन्हा पुन्हा त्याच एका जागी बसत होता, याची ती खूण पोलादावर उमटलेली आहे.

अशा फोटोंनी एक समजूत पक्की केली: चांगला खेळाडू ब्लेडच वापरतो. ब्लेड म्हणजे सपाट पाठीचा, पातळ कडेचा, अरुंद तळाचा आयर्न. आजही बॅग खांद्यावरून उतरली की जाणकारांची नजर आधी आयर्नच्या पाठीवर जाते. मग प्रश्न येतोच. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या, १४च्या आसपास हँडिकॅप असलेल्या माणसाने ब्लेड घ्यावेत का? अमेरिकेतल्या पुरुष गोल्फरांचा सरासरी हँडिकॅप साधारण तेवढाच असतो, म्हणजे प्रश्न बहुसंख्यांचा आहे. त्याचं उत्तर आयर्नच्या इतिहासात शोधावं लागतं. ब्लेडचा आकार उत्तम खेळाडूसाठी कोणी मुद्दाम बेतलेला नव्हता. लोहाराच्या ऐरणीवर जे घडू शकत होतं ते घडलं, आणि पुढे कित्येक दशकं दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून तेच उत्तम मानलं गेलं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडमधल्या गोल्फरांच्या हातात मुख्यतः लाकडी क्लब असत. चेंडू चामड्याचा, आत उकडलेली पिसं ठासून भरलेला. एक कसबी कारागीर दिवसभरात असे मोजकेच चेंडू करू शके, त्यामुळे ते महाग पडत, आणि लोखंडाचा एक चुकार घाव बसला की शिवण उसवे. लोखंडी क्लब बाहेर निघे तो अडचणीतून सुटायला: गाडीच्या चाकोरीतून, वाळूतून, दगडगोट्यांतून. मुंबईत १८४२मध्ये गोल्फ क्लब निघाला तेव्हाही खेळ पिसांच्याच चेंडूचा होता.

१८४८च्या सुमारास मलायाकडच्या झाडांच्या चिकापासून केलेला गटापर्चाचा चेंडू आला आणि चित्र पालटलं. हा चेंडू स्वस्त होता, टणक होता आणि फुटला तरी गरम करून पुन्हा वळता येई. सेंट अँड्र्यूजचा ॲलन रॉबर्टसन पिसांचे चेंडू करूनच पोट भरत होता. नव्या चेंडूवरून त्याचं आणि त्याच्या हाताखालच्या टॉम मॉरिसचं बिनसलं. पण रॉबर्टसनही शेवटी गटापर्चाच्या चेंडूकडे वळला आणि १८५८मध्ये सेंट अँड्र्यूजवर त्याने ७९चा डाव खेळला. तिथे ८०च्या आतला हा पहिलाच डाव मानला जातो. ग्रीनजवळच्या फटक्यांसाठी लोखंडी क्लीक वापरण्याची वाट त्यानेच दाखवली. मॉरिसचा मुलगा, तरुण टॉम, त्याच्याही पुढे गेला. चाकोरीतून चेंडू काढायचा छोटा आयर्न तो चेंडू उंच उचलून ग्रीनवर थांबवायला वापरू लागला, आणि १८६८पासून त्याने सलग चार वेळा ब्रिटिश ओपन जिंकली. अडीअडचणीचं हत्यार आता रोजचं झालं.

हे हत्यार घडवत होते लोहार. सळई भात्यावर लाल करायची आणि एक टोक घणाने चपटं ठोकून त्याचं पातं करायचं. दुसरं टोक पसरट करून गोल दांड्याभोवती वळवायचं आणि तापवून, ठोकून सांधायचं, की हिकरीचा लाकडी दांडा बसवायची नळी, म्हणजे होझल, तयार. नळीच्या तोंडाशी करवतीसारखे दाते पाडायचे, म्हणजे लाकूड घट्ट धरलं जातं. शेवटी आरपार रिव्हेट ठोकायची. फेस सुरुवातीला गुळगुळीतच असे. चेंडूला फिरकी मिळावी म्हणून त्यावर ठिपके आणि रेघा ठोकण्याची रीत शतक संपता संपता आली. सेंट अँड्र्यूजच्या टॉम स्टुअर्टच्या भट्टीतून निघालेल्या प्रत्येक आयर्नवर धूम्रपानाच्या पाइपचा छाप असे. बॉबी जोन्सच्या हिकरीच्या आयर्नवरही तो होता.

या पद्धतीत पाठ सपाट राहणं ओघानेच आलं. घणाखाली लोखंड पसरतं. त्याच्या पाठीत खोल खाच पाडून ते वजन कडांना नेणं हे त्या कामात बसणारं नव्हतं. वजनाचं महत्त्व कारागिरांना कळत नव्हतं असं मात्र नाही. होझलला भोकं पाडून तिथलं वजन कमी करण्याचा ‘मॅक्सवेल’ प्रकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाला होता. पण ऐरणीच्या मर्यादेपलीकडे कोणी गेलं नाही.

पुढे साचे दाबणारी यंत्रं आली. अमेरिकेने १९२४मध्ये आणि सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए या संस्थेने १९२९मध्ये पोलादी शाफ्टला मान्यता दिली. मॅशी, निबलिक, क्लीक ही नावं मागे पडून आयर्नना नंबर आले, आणि १९३८मध्ये अमेरिकेत बॅगेत १४च क्लब ठेवण्याचा नियम झाला. इतकं सगळं बदललं तरी आयर्नची पाठ तशीच राहिली. होगनने १९५३मध्ये स्वतःची कंपनी काढली तेव्हा तिथेही घडीव ब्लेडच निघाले, आणि पहिला माल मनासारखा उतरला नाही म्हणून त्याने तो मोडीत काढला. १९७२च्या यूएस ओपनमध्ये जॅक निकलॉसने पेबल बीचच्या सतराव्या होलला १ नंबरच्या आयर्नने मारलेला चेंडू झेंड्याच्या काठीवर आदळला, तोही ब्लेडचाच फटका. हा काळ पराक्रमांचा होता, आणि ते सगळे पराक्रम ब्लेडच्या खात्यावर जमा झाले.

या परंपरेला धक्का दिला तो चांभारकाम केलेल्या एका माणसाने. कार्स्टन सोल्हाइमचा जन्म १९११मध्ये नॉर्वेतल्या बर्गनचा. लहानपणीच घरचे अमेरिकेत सिॲटलला आले, वडील जोडे बनवत, आणि मुलानेही काही काळ तोच धंदा केला. पुढे तो इंजिनिअरिंगकडे वळला आणि जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला लागला. सहकाऱ्यांच्या आग्रहाने त्याने गोल्फ सुरू केला तेव्हा तो चाळिशी ओलांडून गेला होता. पटिंग काही जमेना. त्याने दोष स्वतःच्या हाताला दिला तसा हातातल्या वस्तूलाही दिला. आइस्क्रीमच्या काड्या आणि साखरेचे चौकोनी खडे चिकटवून नमुना केला, वजन मध्यातून काढून दोन टोकांना नेलं, आणि १९५९मध्ये कॅलिफोर्नियातल्या घराच्या गॅरेजमध्ये पहिला पटर तयार झाला. चेंडूला लागताच त्यातून जो आवाज निघे, तेच त्याचं नाव झालं: पिंग.

त्याच्या कल्पनेचं मर्म असं. ७ नंबरच्या आयर्नच्या डोक्याचं वजन सुमारे २७० ग्रॅम असतं, मग तो ब्लेड असो की दुसरा कुठला. प्रश्न एवढाच, की हे वजन कुठे ठेवायचं. ब्लेडमध्ये ते मध्याजवळ आणि होझलकडे एकवटलेलं असतं. चेंडू बरोबर तिथे लागला तर जवळपास सगळी ताकद त्याला मिळते आणि हाताला काही झटका जाणवत नाही. पण चेंडू टोकाकडे लागला तर डोकं गर्रकन वळतं, ताकद वाया जाते आणि दिशाही बिघडते. चेंडू फेसला टेकलेला असतो तो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढाच वेळ, पण तेवढ्यात व्हायचं ते नुकसान होतं. कावड खांद्यावर असताना तिला गरकन फिरवणं किती जड जातं ते उचलणाऱ्याला ठाऊक असतं. तेवढंच ओझं एका गाठोड्यात बांधलं तर ते सहज फिरतं. सोल्हाइमने आयर्नची कावड केली.

१९६१मध्ये त्याने तयार आयर्नच्या पाठीत यंत्राने खाच पाडून पाहिली. पण मनात होता तो आकार ना घणाने साधत होता ना कोरून परवडत होता. तो साधला मेणाने. आधी मेणाचा हुबेहूब क्लब करायचा, त्याभोवती सिरॅमिकचं कवच चढवायचं, मेण वितळवून काढायचं आणि रिकाम्या पोटात पोलादाचा रस ओतायचा. या कामाची मूळ रीत आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मूर्ती ओतण्याची हीच पद्धत वर्णिलेली आहे, आणि बस्तरचे ढोकरा कारागीर ती अजून वापरतात. सोल्हाइमने १९६७मध्ये नोकरी सोडली, फिनिक्समध्ये बस्तान बसवलं आणि १९६९मध्ये ‘कार्स्टन १’ हे ओतीव, पोकळ पाठीचे आयर्न आणले. अशा आयर्नना पुढे ‘कॅव्हिटी बॅक’ हे नाव पडलं.

जुन्या खेळाडूंना ते बेढब वाटले. जाड कड, रुंद तळ, चेंडूमागे ठेवल्यावर नजरेला खुपणारा आकार. पण १९८२मध्ये आलेल्या ‘पिंग आय २’ने नाक मुरडणाऱ्यांनाही वळवलं. १९८९मध्ये मार्क कॅल्काव्हेकियाने रॉयल ट्रूनवर ब्रिटिश ओपन जिंकली ती याच आयर्नने. प्लेऑफच्या शेवटच्या होलला त्याच्या ५ नंबरच्या आयर्नने चेंडू काठीपासून काही फुटांवर ठेवला. त्याच सुमारास या आयर्नच्या फेसवरच्या चौकोनी खाचांवरून अमेरिकेच्या असोसिएशनशी कज्जा रंगला आणि १९९०मध्ये तडजोड झाली. दुकानांत तोवर कॅव्हिटी बॅकच राज्य करत होते.

ब्लेड संपला मात्र नाही. मिझुनोचे आयर्न १९६८पासून हिरोशिमाच्या कारखान्यात घडतात, आणि नव्वदच्या दशकात निक फाल्डोच्या बॅगेत ते होते. २०००मध्ये टायगर वूड्सने पेबल बीचवर यूएस ओपन १५ फटक्यांच्या फरकाने जिंकली तेव्हाही त्याच्या हातात ब्लेड होते. त्या दर्जाच्या खेळाडूंची कारणं खरी आहेत. पातळ फेसच्या आधुनिक आयर्नमधून एखादा चेंडू अपेक्षेपेक्षा दहा यार्ड लांब उडाला तर ग्रीनच्या मागच्या बंकरची भीती असते. ब्लेडचं अंतर पक्कं असतं, अरुंद तळ गवतातून लवकर सुटतो, आणि चेंडू डावीउजवीकडे वळवायचा तर डोकं हाताच्या इशाऱ्यासरशी वळतं. हे सगळे फायदे फेसच्या मध्यावर सातत्याने चेंडू लागणाऱ्याचे आहेत. १४ हँडिकॅपच्या खेळाडूच्या फेसवर पावडर लावून पाहिली तर खुणा टोकापासून होझलपर्यंत विखुरलेल्या दिसतात.

ब्लेडच्या बाजूने हमखास येणारा मुद्दा शिकण्याचा असतो. ब्लेड चूक लपवत नाही, म्हणून तो हात घडवतो, आणि होगन, अर्नॉल्ड पामर, निकलॉस असेच घडले, असं सांगितलं जातं. यातला पहिला भाग बरोबर आहे. दुसऱ्या भागात एक मोठी गफलत आहे. त्या पिढीतले सगळेच ब्लेडवर शिकले, कारण दुकानात दुसरं काही नव्हतं. होगनबरोबर त्याच वर्षांत त्याच आकाराचे आयर्न घेऊन खेळायला लागलेले आणि आयुष्यभर शंभरच्या आत न आलेले असंख्य हौशी खेळाडू होते. त्यांचे फोटो भिंतीवर लागत नाहीत. होगनला घडवलं ते दिवसभराच्या सरावाने. चूक झाल्याचं ब्लेड हाताला झिणझिण्या आणून सांगतो, पण ती सुधारायची कशी ते सांगत नाही. चेंडू कुठे लागला हे तर पावडरही सांगते, आणि तिच्यामुळे तळ्यात चेंडू जात नाही.

तरीही निव्वळ पाठ पाहून निकाल देणं बरोबर नाही. क्लबांचे अमेरिकी अभ्यासक राल्फ माल्टबी यांनी शेकडो आयर्न मोजमापाला घेतले. गुरुत्वमध्य किती खाली आहे, होझलपासून किती लांब आहे, वळणाला विरोध किती, असं पाहिल्यावर काही जुने ब्लेड खेळायला काही कॅव्हिटी बॅकपेक्षा सोपे ठरले. लॉफ्टकडेही, म्हणजे फेस किती मागे कललेला आहे त्याकडेही, पाहायला हवं. आजच्या बऱ्याच ब्लेडच्या ७ नंबरला ३४ अंशांच्या आसपास लॉफ्ट असतो, तर सोप्या म्हणून विकल्या जाणाऱ्या आयर्नमध्ये तो ३०च्याही खाली गेलेला दिसतो. नव्या ७ नंबरने चेंडू लांब गेला तर त्यात हा आकड्याचाही वाटा असतो.

आज वरच्या दर्जाच्या बॅगा मिश्र झाल्या आहेत. बबा वॉटसनने २०१२ आणि २०१४चं मास्टर्स पाठीत छोटी खाच असलेल्या पिंग आयर्नने जिंकलं. २०२२च्या मास्टर्समध्ये स्कॉटी शेफलरने ५ नंबरपासून पुढे ब्लेड ठेवले होते, पण ३ आणि ४ नंबरला त्याने चूक पोटात घालणारे, जाड तळाचे युटिलिटी आयर्न निवडले. तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या खेळाडूला लांब आयर्नमध्ये ही मदत घ्यावीशी वाटली, तर आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याने ती ७ नंबरपर्यंत घ्यायला काहीच हरकत नाही. आणि घडीव पोलादाची ओढ खरीच असेल, तर ८, ९ आणि पिचिंग वेज ब्लेडचे ठेवावेत. त्यांचा शाफ्ट आखूड, लॉफ्ट जास्त, चेंडू मध्याजवळ लागण्याची शक्यता मोठी, आणि चुकलाच तरी तो ग्रीनच्या कडेपर्यंत पोचतो.