होमकुंडाचे निखारे आणि क्वांटम शास्त्र

डिचोली तालुक्यातील शिरगाव येथील श्री लईराई देवीच्या जत्रेहून परतणारे भाविक आमच्या देवस्थानात दर्शनास थांबतात, तेव्हा अलीकडे एक प्रश्न हमखास निघतो. धोंडांचे पाय भाजत नाहीत हे आता क्वांटम शास्त्रानेही मान्य केले आहे ना? आमच्या स्मरणिकेतही असा मजकूर एकदा छापला गेला होता. तो चुकीचा होता, म्हणून हे टिपण.

ही जत्रा वैशाख शुद्ध पंचमीस भरते. व्रतस्थ धोंड तळीत स्नान करून, गळ्यात मोगऱ्याच्या माळा व हाती वेत घेऊन, मध्यरात्रीनंतर होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जातात.

गंमत अशी की, क्वांटम शास्त्राचा जन्म खरोखरच तप्त वस्तूच्या प्रकाशातून झाला. त्या प्रकाशाची मोजमापे जुन्या नियमांत बसेनात, तेव्हा डिसेंबर १९०० मध्ये बर्लिन येथे माक्स प्लांक यांनी ऊर्जा सुट्या पुंजांनी बाहेर पडते असे मानून हिशेब जुळविला. तेव्हा निखारा तांबडा का दिसतो, हे सांगताना क्वांटम शास्त्राचे नाव घेणे यथार्थच आहे.

पाय का भाजत नाहीत, हा मात्र निराळा प्रश्न. त्याला उष्णतावहनाचे शास्त्र पुरते, ज्याचे गणित फूरिये यांनी १८२२ मध्येच प्रसिद्ध केले होते. कोळसा व त्यावरील राख उष्णतेचे मंद वाहक आहेत. पाऊल क्षणभरच टेकते, आणि तेवढ्यात त्वचेपर्यंत पोहोचणारी उष्णता थोडी असते. चुलीतला निखारा चटकन बाजूस सारणारी गृहिणी त्याच चुलीतल्या तापल्या चिमट्याला हात लावीत नाही, ते याच कारणाने. कुंडात लोखंडाचा तुकडा असेल, किंवा कोणी अडखळून थांबेल, तर पाय भाजतोच.

'पाहणाऱ्याच्या मनाने पदार्थ बदलतो' असे क्वांटमच्या नावावर सांगितले जाते. प्रयोगशाळेत निरीक्षण म्हणजे अतिसूक्ष्म कणाची उपकरणाशी घडलेली आंतरक्रिया. तेथे माणसाचा डोळा असण्याचीही अट नाही, मग श्रद्धेची कोठून असणार?

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. मनोबलाने विस्तव थंड होतो असे देवस्थानानेच छापले, तर ज्याने व्रत धरलेले नाही, वडीलधाऱ्या धोंडांचा हात धरून जो कधी चाललेला नाही, असा पोरगाही कुंडात उतरेल. आणि ज्याचे पाय भाजतील, त्याच्या भक्तीतच खोट काढली जाईल. असे बोल ऐकून मान खाली घातलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. धोंडांचे व्रत, उपवास, देवीपुढील लीनता यांस प्लांकच्या प्रमाणपत्राची गरज आम्हांस वाटत नाही.

कोणाचा पाय भाजल्यास त्यावर राख, हळद वा तूप लावू नये. वाहत्या स्वच्छ गार पाण्याखाली पाय सुमारे २० मिनिटे धरावा, बर्फ लावू नये आणि विनाविलंब जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जावे. मधुमेही भाविकांस पायाची जाणीव कमी असू शकते. त्यांनी कुंडात उतरूच नये.

– सचिव, देवस्थान समिती, साखळी