वहीतला पत्ता किती दिवस खरा?

समजा, तुम्हाला दूरच्या जिल्ह्यातल्या एका खेड्यातील शाळेचा फोन नंबर हवा आहे. तुम्ही पुण्याला शिक्षण खात्याच्या कचेरीत फोन लावता. तिथले कारकून म्हणतात, "शाळांचे नंबर आमच्याकडे नसतात, जिल्हा परिषदेचा देतो." जिल्हा परिषद पंचायत समितीचा नंबर देते आणि अखेर पंचायत समितीकडून शाळेचा नंबर मिळतो. आठवड्याने त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या शाळेचा नंबर हवा झाला, तर तुम्ही पुन्हा पुण्यापासून सुरुवात कराल का? नाही. पंचायत समितीचा नंबर वहीत टिपलेला असतो. थेट तिथेच विचाराल. प्रश्न नवा, पण त्याच्या उत्तराचा बराचसा भाग आधीच हाताशी आहे.

इंटरनेटवर नावावरून पत्ता शोधण्याचे काम याच युक्तीने चालते.

संगणक एकमेकांना आकडी पत्त्याने ओळखतात. माणसांना मात्र नावे सोयीची वाटतात. अमेरिकेतील 'आर्पानेट' या जाळ्यात सुरुवातीला सगळी नावे आणि पत्ते एकाच यादीत असत. ही यादी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, एसआरआय या संस्थेत सांभाळली जाई. नवा संगणक जोडला की तिथे कळवायचे आणि बाकीच्यांनी ताजी यादी उतरवून घ्यायची. संगणक मोजके होते तोवर हे ठीक चालले. पण संगणक वाढले तशी यादी लांबली आणि ती उतरवून घेणारेही वाढले. शिवाय यादी हाती पडेपर्यंत तिच्यातले काही पत्ते बदललेले असत.

यावरचा उपाय पॉल मॉकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये मांडला. यादीचे तुकडे करून ते ज्याचे त्याने सांभाळावेत, ही त्यातली पहिली कल्पना. सर्वांत वरच्या 'मूळ' संगणकांना फक्त एवढेच ठाऊक असते, की 'कॉम' किंवा 'इन' या शेवटाची नावे कोण सांभाळतो. पुढची माहिती त्या सांभाळणाऱ्याकडे. म्हणजे हा अनेक ठिकाणी विखुरलेला एक प्रचंड डेटाबेसच झाला.

पण प्रत्येक प्रश्न वरपासून विचारायचा ठरला, तर मूळ संगणक प्रश्नांखाली दबून जातील. म्हणून विचारणाऱ्या संगणकाने अंतिम उत्तराबरोबर वाटेतली उत्तरेही जपून ठेवायची, ही दुसरी कल्पना. अशा साठ्याला 'कॅश' म्हणतात. रोख पैशाशी याचा संबंध नाही. 'लपवून ठेवणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द आला. एका कॉलेजचे नाव शोधताना "'इन' कोण सांभाळतो?" या उपप्रश्नाचे उत्तर एकदा मिळाले, की 'इन'मधल्या दुसऱ्या कुठल्याही नावासाठी ते कामी येते. शिवाय हजारो ग्राहक एकाच कॅशमधून विचारतात, त्यामुळे एकाच्या प्रश्नाने दुसऱ्याची वाट सोपी होते.

आता अडचण अशी, की पत्ता बदलला तर काय? देणाऱ्याला आपले उत्तर कोणाकोणाच्या वहीत आहे हे माहीत नसते. तो कळवणार कोणाला? म्हणून प्रत्येक उत्तरासोबत मुदत दिली जाते, तीही सेकंदांत. ८६,४०० म्हणजे एक दिवस. मूळ संगणकांच्या अशा उत्तरांवर १,७२,८०० सेकंदांची, म्हणजे दोन दिवसांची मुदत असते. ही मुदत ठेवणारा ठरवत नाही, देणारा ठरवतो. कारण आपली माहिती कितपत टिकाऊ आहे हे त्यालाच कळते. मुदत लांब ठेवली तर प्रश्न कमी येतात, पण बदल उशिरा पोचतो. आखूड ठेवली तर उलट. म्हणूनच पत्ता बदलायचा असेल, तर जाणकार माणसे काही दिवस आधीच मुदत कमी करून ठेवतात.

मुदतीने शिळ्या उत्तराचा प्रश्न सुटला. खोट्याचा सुटला नाही. प्रत्येक प्रश्नावर ० ते ६५,५३५ मधला एक क्रमांक असतो आणि तोच क्रमांक असलेले उत्तर खरे मानले जाते. लबाडाला हा क्रमांक अंदाजाने ठोकून द्यावा लागे. अंदाज चुकला, की खरे उत्तर साठ्यात जाई आणि मुदत संपेपर्यंत त्याला थांबावे लागे. म्हणून कॅश हेच एक संरक्षण आहे, असा समज होता. २००८ साली डॅन कमिन्स्की यांनी दाखवले, की एकाच संस्थेतली अस्तित्वात नसलेली नवनवी नावे विचारत राहिले, तर थांबावेच लागत नाही. मग खोट्या उत्तराबरोबर "ही संस्था कोण सांभाळतो?" याचेही खोटे उत्तर घुसवता येते. एक अंदाज बरोबर आला, की त्या संस्थेविषयीचे पुढचे सगळे प्रश्न लबाडाकडेच जाणार! ज्या मधल्या उत्तराने सर्वांचे श्रम वाचत होते, तेच सर्वांना फसवू शकत होते.

जुलै २००८ मध्ये अनेक उत्पादकांनी एकाच वेळी दुरुस्ती जाहीर केली. क्रमांकाबरोबर प्रश्न पाठवण्याचे 'दार'ही दरवेळी बदलू लागले आणि अंदाज बांधणे फार अवघड झाले. जुलै २०१० पासून मूळ संगणकांच्या माहितीवर तपासता येण्याजोगी डिजिटल सही आली. उत्तर वाटेत बदलले असेल तर त्या सहीवरून ते ओळखता येते.

हे वर्गात करून पाहण्याजोगे आहे. एका मुलाला 'मूळ' करा, दोघांना 'जिल्हे', चौघांना 'शाळा'. बाकीच्यांनी वह्या घेऊन पत्ते विचारत फिरावे आणि वाटेतले प्रत्येक उत्तर मुदतीसह लिहून ठेवावे. मध्येच गुपचूप एका 'शाळे'चा पत्ता बदला. चुकीचा पत्ता वर्गात किती वेळ फिरत राहतो, ते घड्याळ लावून मोजा. मग मुदत निम्मी करून खेळ पुन्हा खेळा. 'मूळ' झालेल्या मुलाला या वेळी किती जास्त प्रश्न आले, हे मात्र त्यालाच विचारा.