कोंडा, कुरुंद आणि पोलादी गोळ्या

धातूचा लहान भाग ओतून, कातून किंवा पत्र्यातून छाप मारून काढला, की त्याच्या कडांना बारीक बोचरा धातू चिकटून राहतो. कारखान्यांत त्याला ‘बर’ म्हणतात. नग हजारोंच्या संख्येने निघू लागले तेव्हा प्रत्येकाची बर कानशीने काढणे परवडेनासे झाले आणि घासणाऱ्या एखाद्या पदार्थाबरोबर ते बंद पिंपात घालून पिंपच फिरवत ठेवण्याची रीत पडली. या पदार्थाला, म्हणजे घर्षणमाध्यमाला, कामगारांच्या बोलीत नुसते ‘मीडिया’ म्हणतात. तो कोणता घ्यावा हे दीर्घकाळ त्याच्या गुणांपेक्षा शेजारच्या धंद्यातून काय फुकट मिळते यावर ठरत असे.

या रीतीचे एक जुने रूप धातूचे नसून दगडाचे आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खंबायतची माहिती देणारा खंड 1880 साली निघाला. तेथील अकीकाचे मणी कुरुंदाची पूड आणि पाणी यांच्यासह मजबूत चामड्याच्या पिशवीत बांधून, दोन माणसांनी ती पिशवी दहा-पंधरा दिवस इकडून तिकडे लोळवत ठेवायची, अशी तेथील पद्धत होती. मणी घडवताना उडालेली अकीकाची भुकटीही याच कामी येई, म्हणजे माध्यमाचा काही खर्च धंद्यातच भागत असे.

युरोपात टाचण्यांच्या कारखान्यांनी हाच हिशेब कोंड्यावर केला. टाचणी तयार होईपर्यंतचे अठरा टप्पे 1755 साली फ्रेंच विश्वकोशाच्या पाचव्या खंडात नोंदले गेले. त्यांपैकी शेवटच्या टप्प्यांत, कथिलाचा मुलामा दिलेल्या ओल्या टाचण्या कोंड्याबरोबर घुसळून वाळवल्या व उजळल्या जात आणि मग धान्य पाखडावे तसा कोंडा पाखडून वेगळा केला जाई. कोंडा धातू कापत नाही, फक्त ओल आणि मळ शोषतो. टाचणीला त्याहून अधिक काही नको होते. ओतशाळांची गरज मात्र उलटी होती: ओतीव नगाला चिकटलेली वाळू झडावी म्हणून तेथे पिंपात कठीण बिडाचे काटेरी तारे टाकत, आणि हे तारे ओतशाळेतच ओतता येत असल्याने बाहेरून काही विकत आणावे लागत नसे.

ही घरगुती अर्थव्यवस्था बदलली ती कृत्रिम घर्षकांमुळे. एडवर्ड अ‍ॅचेसन या अमेरिकी संशोधकाने 1891 साली माती आणि कोक विजेच्या भट्टीत तापवले असता अतिशय कठीण स्फटिक मिळाले. ते कार्बन आणि कुरुंद यांचे संयुग असावे असे समजून त्याने त्याला ‘कार्बोरंडम’ हे नाव दिले. तो पदार्थ वस्तुतः सिलिकॉन कार्बाइड होता, पण ‘कोरंडम’ (म्हणजे कुरुंद) या मूळच्या भारतीय शब्दाचा वंश त्या चुकीमुळे एका अमेरिकी व्यापारी नावात शिरला. प्रारंभी रत्ने घासणाऱ्यांना कॅरेटच्या भावाने विकला जाणारा हा माल पुढे नायगारा धबधब्याच्या स्वस्त विजेवर बनू लागला, तेव्हा कुठे सामान्य कारखान्याच्या आवाक्यात आला. चिनी मातीत अशी घर्षक पूड मिसळून भाजलेले त्रिकोण, शंकू आणि नळकांडी त्यानंतर बाजारात आली; नगाच्या भोकात अडकणार नाही असा आकार आता मागवून घेता येऊ लागला, जी सोय माध्यम म्हणून वापरल्या जाणाऱ्या नदीच्या गोट्यांत कधीच नव्हती.

यापुढे स्वस्ताईचा अर्थही बदलला. किलोला कमी भाव असलेला गोटा लवकर झिजत असेल, त्याचे तुकडे नगात अडकत असतील आणि गाळाने पाणी गढूळ होत असेल, तर तो शेवटी महागच पडतो. वाळूची कोरडी धूळ तर कामगाराच्या फुप्फुसांवर उठते, हा खर्च जुन्या हिशेबवह्यांत क्वचितच चढला असेल. पोलादी गोळ्या याच्या दुसऱ्या टोकाला आहेत. त्या भाजलेल्या मातीच्या खड्यांच्या सुमारे तिप्पट जड आणि विकत घेताना महाग असतात, बर जवळजवळ काढतच नाहीत, केवळ पृष्ठभाग दाबून चकचकीत करतात. मात्र गंज लागू दिला नाही तर वर्षानुवर्षे पुरतात. दागिन्यांच्या कामात अशा गोळ्यांबरोबर रिठ्याचे पाणी वापरतात, कारण त्याचा फेस वंगणाचे काम करतो आणि मळही उचलतो. पुढे नग वाळवायला लाकडाचा भुसा किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या बुरकुंडांचा चुरा लागतो, आणि तो आजही दुसऱ्याच्या धंद्यातला टाकाऊ माल असतो.