दक्षिण सातारा नावाचा जिल्हा

परवा जुनी ट्रंक आवरताना वडिलांना आलेलं एक पोस्टकार्ड सापडलं. पत्ता : ता. वाळवा, जि. दक्षिण सातारा. नातवानं विचारलं, "आजोबा, हा जिल्हा गेला कुठे?" कुठेच गेला नाही. १९४९ साली सातारा जिल्ह्यातले काही तालुके आणि आजूबाजूच्या संस्थानांचा मुलूख मिळून तो झाला. १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. गाव जागचं हललं नाही.

नातू संगणकवाला. म्हणाला, "आमच्याकडेही हेच!" प्रोग्रॅमकडे असतो तो मेमरीचा खरा पत्ता नव्हेच, पेज टेबल नावाच्या नोंदवहीत पाहून खरी जागा शोधायची. मँचेस्टरच्या अ‍ॅटलास संगणकापासूनची, १९६२ सालची ही युक्ती. पण एका संगणकात पाहुणी म्हणून दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालवली, की तिच्या वहीतला 'खरा' पत्ताही खरा राहत नाही. त्यासाठी यजमानाची दुसरी वही. पूर्वी यजमान दोन्ही मिळून गुपचूप तिसरी वही लिहायचा. पाहुणीनं खाडाखोड केली, की हीही दुरुस्त करा! त्यात फार वेळ जाई. २००७-०८ च्या सुमारास एएमडी आणि इंटेलचे प्रोसेसरच दोन्ही वह्या वाचू लागले. मात्र चार-चार पायऱ्यांच्या वह्या असल्या, तर एका पत्त्यासाठी २४ वेळा मेमरी चाळावी लागू शकते. म्हणून सापडलेला पत्ता प्रोसेसर लक्षात ठेवतो, जुन्या पोस्टमनसारखा.

एका पाहुणीनं दुसरीच्या जागेत शिरू नये, हेही यजमानाच्या वहीवरच अवलंबून. जुना कागद खोटा नसतो. त्याला आजच्या जागेशी जोडणारी वही तेवढी जपावी लागते. पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीनं लिहिलं : आताचा सांगली जिल्हा.